सेवाज्येष्ठता कुणाची? : वैमानिकांच्या वादातून आपल्यासाठी काही प्रश्न

(नोकरदार स्त्रियांच्या एका अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या सत्राचा विषय ‘कामाच्या जागी समानता’ असा आहे, आणि मी बोलणार आहे अमेरिकेतल्या छोट्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांबद्दल. तुमच्यापैकी कुणी परिचारिका आहे, कुणी एस.टी.त कंडक्टर आहे, कुणी बँकेत आहे. तुम्ही म्हणाल, ही बाई आपल्याला कुठे नेते आहे? पण सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांशी बोलताना माझ्या एक गोष्ट पुन्हापुन्हा लक्षात येते. घरातल्या भांडणाचा धागा उलगडत गेलं की तो कितीदा तरी ड्युटीच्या तक्त्यापाशी जाऊन पोचतो. रात्रपाळी कुणाला, सणाची सुट्टी कुणाला, बदली कुणाची, कपात झाली तर आधी कोण जाणार. या प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी साहेबाच्या मनात असतात. वैमानिकांच्या बाबतीत मात्र ती स्वच्छ लिहून ठेवलेली असतात. म्हणून नियम नेमका कसा चालतो आणि बाईच्या वाट्याला आल्यावर त्याचं काय होतं, हे तिथे उघड्या डोळ्यांनी बघता येतं.

आधी हे वैमानिक कोण ते सांगते. अमेरिकेत डेल्टा, युनायटेड, अमेरिकन अशा मोठ्या कंपन्या आहेत. लहान गावांकडे जाणारी पन्नास ते सत्तर-पंचाहत्तर आसनांची विमानं बहुधा या कंपन्या स्वतः चालवत नाहीत. ते काम त्या प्रादेशिक कंपन्यांना कंत्राटाने देतात. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, विमानावर रंगही तिचाच, पण आत बसलेला वैमानिक नोकरीला असतो दुसऱ्याच कंपनीत. त्याचा पगार, त्याची ड्युटी, त्याची नोकरी हे सगळं त्या कंत्राटावर उभं. कंत्राटी पद्धत म्हणजे काय ते तुम्हाला मी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की तिथला कंत्राटी कामगार टाय लावतो.

या वैमानिकांच्या आयुष्यावर राज्य करते ती सेवाज्येष्ठतेची यादी. ज्या दिवशी तुम्ही कंपनीत आलात त्या दिवशी तुम्हाला एक क्रमांक मिळतो. एकाच दिवशी वीसजण आले तर त्यांच्यात क्रम लावायलाही नियम असतो. काही कंपन्यांत वयाने मोठा तो वर, काही ठिकाणी सरकारी ओळखक्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून. मग त्या क्रमांकावर सगळं ठरतं. कोणतं विमान, कोणतं शहर, सहवैमानिकाचा कप्तान कधी होणार, रजा कोणत्या महिन्यात, नाताळला घरी कोण. कंपनीला माणसं कमी करायची असली तर खालून वर, म्हणजे शेवटी आला तो आधी बाहेर. परत बोलावताना वरून खाली. आणि वैमानिकाने कंपनी बदलली तर पंधरा वर्षांचा अनुभव असला तरी नव्या यादीत तो सर्वांत खाली. अनुभव त्याच्याबरोबर येतो, क्रमांक मागे राहतो.

हा नियम वैमानिकांच्या संघटनांनी भांडून मिळवलेला आणि जपलेला आहे, हे विसरू नका. त्यामागचं कारण आपल्याला पटण्यासारखं आहे. कप्तानाने विमानात बिघाड आहे म्हणून उड्डाण नाकारलं, तर कंपनीचं नुकसान होतं. त्याची बढती साहेबाच्या मर्जीवर असती तर तो नाकारायला धजला असता का? यादी आहे म्हणून मर्जी चालत नाही, वशिला चालत नाही. बाईच्या दृष्टीने तर हे फारच मोलाचं आहे. जिथे बढती आणि ड्युटी वरिष्ठाच्या हातात, तिथे बाईकडून काय काय मागितलं जातं ते मी इथे वेगळं सांगत नाही. क्रमांकाला चेहरा नसतो, हा त्याचा गुण आहे.

आता ड्युटीकडे येऊ. या वैमानिकांत गेली कित्येक वर्षं एक वाद चालत आला आहे. जुन्या पद्धतीत कंपनी महिन्याच्या ड्युट्यांच्या तयार ‘ओळी’ छापायची. समजा शंभर वैमानिक आहेत तर ऐंशी-नव्वद ओळी, आणि उरलेले राखीव, म्हणजे फोन आला की निघायचं. यादीतला पहिला आपल्या आवडीची ओळ उचलणार, मग दुसरा, मग तिसरा. नव्या पद्धतीत तयार ओळी नाहीत. प्रत्येकाने आपल्या इच्छा संगणकात भरायच्या. रविवार नको, रात्रीचा मुक्काम नको, पहाटेचं विमान नको. यंत्र वरून खाली यादी धरत जातं आणि प्रत्येकाचा महिना बांधून देतं.

ऐकायला दुसरी पद्धत चांगली वाटते. मग अनेक वैमानिकांचा तिला विरोध का? कारण हिशेबात आहे. जुन्या पद्धतीत एखाद्याची रजा चार दिवसांच्या फेरीच्या मध्ये आली तर बहुतेक करारांनुसार ती पूर्ण फेरीच त्याच्याकडून सुटायची, पगार मात्र मिळायचा, आणि ती फेरी उडवायला दुसरा माणूस लागायचा. यंत्र रजेच्या आजूबाजूलाच फेऱ्या बसवतं, सुटू देत नाही. म्हणजे तेवढंच काम कमी माणसांत. माणसं कमी लागली की नवी भरती थांबते, भरती थांबली की खालच्याची बढती लांबते. ज्या सोयीच्या नावाने यंत्र आणलं ती सोय यादीच्या वरच्या लोकांना मिळते, आणि जो तळाशी आहे त्याला यंत्राने इतकंच सांगितलेलं असतं की, तुमची इच्छा नोंदवून घेतली. शिवाय ओळ भिंतीवर लागलेली असली तर कुणाला काय मिळालं ते सगळ्यांना दिसतं. यंत्राने असं का केलं, हे विचारायला तज्ज्ञ लागतो. म्हणून शहाण्या संघटना यंत्राला सरसकट नाही म्हणत नाहीत. त्याचे नियम ठरवताना आमची माणसं बसतील आणि निकाल आम्हाला तपासता येईल, अशी अट घालतात.

तिसरी गोष्ट नोकरीच्या शाश्वतीची. यादी माणसाला साहेबापासून वाचवते, पण कंपनीच उठली तर? कॉमएअर नावाची एक प्रादेशिक कंपनी होती, सिनसिनाटी शहराजवळ, डेल्टाच्या मालकीची. २००१ मध्ये तिच्या वैमानिकांनी ८९ दिवस संप केला आणि बरा करार मिळवला. प्रादेशिक वैमानिकांच्या लढ्यांत तो संप मोठा मानला जातो. सप्टेंबर २०१२ मध्ये ती कंपनीच बंद करण्यात आली. विमानं आणि मार्ग इतरांकडे गेले. यादीत पहिला असलेला आणि शेवटचा असलेला, दोघांचे क्रमांक एकाच दिवशी कागदाच्या किमतीचे झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या काळात, कंपास आणि ट्रान्स स्टेट्स या दोन कंपन्यांचंही तेच झालं.

या अस्थिरतेची किंमत कोण देतं? १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला जाणारं कोलगन एअरचं विमान कोसळलं. पन्नास माणसं गेली, त्यांत एक जमिनीवर आपल्या घरात होता. सहवैमानिक २४ वर्षांची मुलगी होती. तिचा पगार वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास होता. न्यूअर्कसारख्या महाग ठिकाणी खोली घेणं त्यात कुठलं परवडायचं? ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ, आईवडिलांकडे राहायची. कामावर हजर होण्यासाठी ती आदल्या रात्रभर विमानांनी प्रवास करून आली होती आणि तिला सर्दी झालेली होती. चौकशीत मुख्य कारण ठरलं ते कप्तानाची चुकीची हालचाल. थकव्याचा वाटा नेमका किती, हे चौकशी मंडळाला ठरवता आलं नाही, पण दोघंही थकलेले असावेत असं त्यांनी नोंदवलं. मृतांच्या नातेवाइकांनी नेट लावला, २०१० मध्ये कायदा झाला. सहवैमानिकाला आधी साधारण दीड हजार तासांचा अनुभव हवा, आणि जानेवारी २०१४ पासून ड्युटीआधी किमान दहा तास विश्रांती, त्यात सलग आठ तास झोपेची संधी, असे नियम आले. २०२२ मध्ये वैमानिकांची टंचाई झाल्यावर प्रादेशिक कंपन्यांत पगारही भराभर वाढले. पण हे ध्यानात ठेवा, ड्युटीचा तक्ता ही कर्मचाऱ्याची खासगी तक्रार नव्हती, हे मान्य व्हायला पन्नास माणसं जावी लागली.

आपल्याकडेही हे दूरचं नाही. वैमानिकांच्या थकव्याचे सुधारलेले नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा आली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि पुण्या-मुंबईच्या विमानतळांवर लोक अडकून पडले. नियम आधीपासून जाहीर होते, त्यासाठी पुरेशी माणसं नेमलेली नव्हती. तरी तेव्हा लोकांच्या तोंडी काय होतं? वैमानिकांना जास्त विश्रांती दिली म्हणून हा गोंधळ झाला!

इथपर्यंत मी ‘वैमानिक’ म्हटलं. आता त्यातली बाई शोधू.

जगात वैमानिकांमध्ये बायका शंभरात जेमतेम पाच-सहा. भारतात हे प्रमाण पंधराच्या घरात आहे, जगात बरंच वरचं. पण यादीत किती बायका आहेत हा एक प्रश्न, आणि यादीत कुठे आहेत हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं तर दार कधी उघडलं ते बघावं लागतं.

१९३४ च्या अखेरीला सेंट्रल एअरलाइन्स या छोट्या अमेरिकन कंपनीने हेलन रिची या बाईला सहवैमानिक म्हणून घेतलं. वैमानिकांच्या संघटनेने तिला सभासदत्व नाकारलं. खराब हवेत तिला उडवू नका, असा सरकारी खात्याचा दबाव आला. वर्षभरात तिने राजीनामा दिला. त्यानंतर अमेरिकेच्या नियमित प्रवासी विमानसेवेत दुसरी बाई वैमानिक म्हणून घ्यायला १९७३ साल उजाडलं. एमिली हॉवेल, पुढे एमिली वॉर्नर, डेन्व्हरमध्ये विमान चालवायला शिकवत होती. तिच्या हाताखाली शिकलेले पुरुष कंपन्यांत लागत होते आणि ती अर्ज करत राहिली होती. शेवटी फ्रंटियर या प्रादेशिक मार्गांवरच्या कंपनीने तिला घेतलं. यादीत तिचा क्रमांक कुठला? अर्थात शेवटचा. तिने शिकवलेली मुलं आणि तिचा स्वतःचा अनुभव यांचा त्या क्रमांकाशी काही संबंध नव्हता.

आपल्याकडे प्रेम माथुर यांना १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळाला. आठ कंपन्यांनी त्यांना बाई म्हणून नकार दिला. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने सहवैमानिक म्हणून घेतलं, पण विमानाची सूत्रं काही दिली नाहीत. पुढे नोव्हेंबर १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिलचर या मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान नेलं आणि त्या विमानातल्या सगळ्या कर्मचारी बायका होत्या. आपल्या मराठी मुलीने हे केलं याचा अभिमान आपल्याला वाटतो. पण परवान्यापासून या उड्डाणापर्यंत मध्ये ३८ वर्षं गेली, हेही त्याच दमात मोजलं पाहिजे.

म्हणजे यादीवर कुठेही ‘पुरुष आधी’ असं लिहिलेलं नसतं. ते लिहायची गरजच नसते. चाळीस वर्षं दार बंद ठेवायचं, मग उघडायचं आणि म्हणायचं, या, रांगेत उभ्या राहा, नियम सगळ्यांना सारखा. रांग खरीच सरळ असते. पण रांग लागली तेव्हा तुम्हाला अंगणात येऊ दिलेलं नव्हतं.

आता याच्याही पुढची गोष्ट. दार उघडून आत आलेल्या बाईचं सेवेचं घड्याळ मध्येच कसं थांबवतात, ते पाहा.

युनायटेड एअरलाइन्समध्ये कॅरोलिन इव्हान्स नावाची हवाई सेविका होती. १९६८ मध्ये तिने लग्न केलं. हवाई सेविकेने लग्न करायचं नाही असा कंपनीचा नियम होता, तिला राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटी तो नियम गेला. १९७२ मध्ये कंपनीने तिला पुन्हा घेतलं, पण नवी म्हणून, यादीच्या तळाशी. तिचं म्हणणं साधं होतं. मला अन्यायाने घालवलंत, तर माझी आधीची सेवा धरा. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. तिने मुदतीत तक्रार केली नव्हती, आणि ज्येष्ठतेची पद्धत सगळ्यांना सारखी लागू आहे, स्त्री-पुरुष भेद करत नाही, असं न्यायालय म्हणालं. पद्धत सारखी हे खरंच होतं. पण लग्न करून नोकरी गमावलेला पुरुष त्या यादीत एक तरी होता का?

याच न्यायालयाने दुसरी वाटही दाखवली आहे. वर्ष १९७६. कृष्णवर्णीय म्हणून मालमोटारीवर चालकाची नोकरी नाकारलेल्या माणसांना नुसती नोकरी देऊन भागणार नाही, अर्ज केला त्या तारखेपासूनची ज्येष्ठताही देता येईल, असा निकाल न्यायालयाने दिला. १९८२ मध्ये, आई झाल्या म्हणून टीडब्ल्यूए या कंपनीने काढलेल्या हवाई सेविकांच्या ज्येष्ठतेबाबतही न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे घड्याळ मागे नेता येतं, न्याय करायचा ठरवला तर.

आणि आपल्या मुंबईची एअर इंडिया? नर्गिस मीर्झा खटला तुमच्यातल्या अनेकींनी वाचला असेल. हवाई सुंदरी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस राहिले की तेव्हा, यांतलं जे आधी येईल ते. पुढे मुदत वाढवायची तर व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी. विमानात तसलंच काम करणारा पुरुष मात्र ५८ पर्यंत. ऑगस्ट १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि संचालकांचा मनमानी अधिकार रद्द केला. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र टिकवली आणि तिच्या समर्थनाला कुटुंबनियोजनही आणलं. हे सगळं कशाच्या आधारावर चाललं? पुरुषांची आणि बायकांची श्रेणी वेगळी, भरती वेगळी, बढतीची शिडी वेगळी, म्हणून तुलनाच करता येत नाही, या आधारावर. दोन याद्या केल्या की असमानता दिसेनाशी होते. विमानातल्या सेवेचं पर्यवेक्षक पद बायकांनाही मिळावं, यावर भांडण पुढे इतकी वर्षं चाललं की सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता द्यायला नोव्हेंबर २०११ उजाडलं. तोवर कितीतरी जणींनी आपल्यानंतर आलेल्या पुरुषाच्या हाताखाली काम केलं असेल.

आता मूल झालेल्या वैमानिक बाईचा महिना डोळ्यांसमोर आणा. ती यादीत खाली आहे, म्हणजे चार-चार दिवसांच्या फेऱ्या, परगावी मुक्काम, सण कामावर. राखीव ड्युटी असली तर फोन आल्यावर दोन तासांत विमानतळावर. अशा वेळी मुलाला सांभाळायला कुठलं पाळणाघर उघडं असतं? थोडी वर सरकली की कप्तान होण्याची संधी येते. पण कप्तान झालं की कप्तानांच्या यादीत पुन्हा तळाशी. मग ती विचार करते, सहवैमानिकच राहू, निदान रात्री घरी तरी येता येईल. पुष्कळ पुरुषही असा हिशेब करतात. पण पुरुषाने केला तर तो कुटुंबवत्सल, बाईने केला तर ‘बायकांना महत्त्वाकांक्षाच नसते.’ शिवाय २०१३ पासूनच्या नियमानुसार कप्तान होण्याआधी विमान कंपनीत हजार तास उडवलेले असावे लागतात. गरोदरपणात आणि नंतर तास भरत नाहीत. क्रमांक लागला तरी तास कमी.

कायदा मदतीला येतो का? अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी. त्यासाठी आदल्या वर्षात १२५० तास काम झालेलं हवं. आणि वैमानिकाने वर्षात हजार तासांहून जास्त उडू नये, असा सरकारचाच नियम! उडण्याचेच तास मोजले की पूर्ण वेळ नोकरी करणारी वैमानिकही बाद. ही चूक दुरुस्त करायला २००९ चा डिसेंबर यावा लागला. २०२२ मध्ये कामाच्या जागी अंगावरचं दूध काढून ठेवण्यासाठी वेळ आणि जागा देणारा कायदा झाला, त्यातून विमानातले कर्मचारी वगळले गेले. आधीच्या फ्रंटियरचंच नाव घेऊन पुढे निघालेल्या कंपनीतल्या वैमानिक बायकांनी २०१६ मध्ये याच प्रश्नांवर तक्रारी केल्या. २०२३ च्या अखेरीला तडजोड झाली आणि विमान स्थिर उडत असताना दूध काढण्याची मुभा त्यांना मिळाली. एवढ्याशा गोष्टीला सात वर्षं.

मग यादी फेकून द्यायची का? मला तसं मुळीच म्हणायचं नाही. यादी गेली की साहेबाची मर्जी परत येते, आणि मर्जीच्या राज्यात आपलं काय होतं ते आपण जाणतो. शिवाय यादीचा प्रश्न केवळ पुरुष विरुद्ध बाई असाही नाही. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली. टीडब्ल्यूएच्या चार हजारांच्या आसपास हवाई सेविका नव्या यादीत सरसकट तळाशी गेल्या, वीस-तीस वर्षं सेवा झालेल्यासुद्धा. हे ठरवणारी संघटना हवाई सेविकांचीच होती, बहुतांश बायकांची. २००३ च्या जुलैपर्यंत त्या सगळ्या घरी बसल्या. पुढे २००७ मध्ये, दोन कंपन्या एक झाल्या तर याद्या न्याय्य रीतीने जोडाव्यात, असा कायदा झाला. आपल्या हाती यादी आली म्हणजे आपण आपोआप न्यायी होत नाही, हा त्यातला धडा आहे.

आणि वरच्या पुरुषाचा प्रश्नही खोटा नाही. तो म्हणेल, वीस वर्षं मी तळाशी काढली, माझी मुलं सणाला माझ्याशिवाय वाढली. आता माझी पाळी आली तर ती हिला का द्यायची? त्याला आपण सांगायचं, तुझी मुलं तुझ्याशिवाय वाढली हाही अन्यायच होता. तो सोसून तुला जे मिळालं ते आम्हाला काढून घ्यायचं नाही. पण लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असताना कुणालाच, बाईला किंवा पुरुषाला, वीस वर्षं थांबायला लागू नये.

आपल्या संघटनांत आपण काय विचारायचं, ते सांगून थांबते. पहिलं, ज्येष्ठतेची यादी मागून घ्या आणि वरच्या चौथ्या हिश्शात बायका किती, खालच्या चौथ्या हिश्शात किती, ते मोजा. भाषणापेक्षा हा आकडा जास्त बोलतो. दुसरं, बाळंतपणाची रजा सेवेत धरली जाते की सेवेत खंड पडतो, हे लेखी घ्या. बढतीसाठी वर्षं मोजताना काय करतात, तेही विचारा. तिसरं, अन्यायाने काढलेली बाई परत आली तर ती तिच्या जुन्या जागी आली पाहिजे, ही मागणी मागणीपत्रात घाला. नोकरी परत मिळाली म्हणून पेढे वाटायच्या आधी तारीख कुठली धरली ते बघा. चौथं, सारख्या कामाला दोन याद्या असतील तर त्या का, हे विचारा, मग ती दुसरी यादी बायकांची असो की कंत्राटी कामगारांची. पाचवं, ड्युटीच्या तक्त्यातला एक लहान हिस्सा ज्येष्ठतेच्या बाहेर ठेवून, ठरावीक काळापुरता, सांभाळाची जबाबदारी असणाऱ्यांसाठी राखावा. आणि तक्ता यंत्र लावत असेल तर त्या यंत्राचे नियम ठरवणाऱ्या समितीत आपल्यातली एक तरी बसली पाहिजे.

यातली एकही मागणी यादीच्या विरोधात नाही. सेवेची वर्षं मोजा, जरूर मोजा, पण आम्ही ज्या वर्षांत उभ्या होतो, अर्ज करत होतो, बाळंत होत होतो, ती वर्षंही मोजा, इतकंच आपलं म्हणणं आहे. आता तुमच्या ड्युटीच्या तक्त्यांबद्दल ऐकायला मला आवडेल. गटचर्चेसाठी पुढचा एक तास ठेवलेला आहे.